माय गेलेले लेकरू



आज आम्ही तुमच्यापुढे एका दुःखाची गोष्ट काढणार आहोत. लहानपणी माय जाते, ते दुःख.

नांदेड-लातूरकडची पुष्कळ कुटुंबे पोटासाठी गाव सोडतात. कोणी ऊसतोडीला जाते, कोणी पुण्या-मुंबईला. परमुलखात माय गेली, तर लेकराला तिच्याबद्दल सांगणारे कोणी जवळ राहत नाही. तिच्या मैत्रिणी, शेजारणी सगळ्या गावाकडे.

किल्लारीचा भूकंप आपल्याला ठाऊक आहे. 30 सप्टेंबर 1993, पहाटे चारची वेळ. दगडमातीच्या भिंती निजलेल्या माणसांवर पडल्या. हजारो माणसे गेली. पुढे भूकंपाच्या भागातली सुमारे 1200 मुले भारतीय जैन संघटनेने शिक्षणासाठी पुण्याला नेली. शाळा मिळाली, जेवण मिळाले. पण मायच्या आठवणी नात्यागोत्याच्या माणसांनीच द्यायच्या असतात.

आपण काय करतो? लेकरू विचारते, "माय कवा येणार?" आपण म्हणतो, "गावाला गेली." ऊसतोडीच्या फडावरच्या लेकराला हे खरेच वाटते. हंगाम संपून गाव आले, की ते आधी घरात जाऊन मायला शोधते. मग त्याचा आपल्यावरचा विश्वासही जातो.

म्हणून खरे सांगावे. "माय वारली. ती परत येणार नाही. आम्ही तुझ्याजवळ आहोत." लेकरू रडेल, रडू द्यावे. पुन्हा पुन्हा विचारील, पुन्हा पुन्हा सांगावे. बापालाही रडू आले, तर त्यात लाज नाही.

बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म महूचा. वडिलांच्या पेन्शनीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. तिथे आई भीमाबाई वारल्या. बाबासाहेब तेव्हा जेमतेम पाच वर्षांचे होते. आत्या मीराबाईंनी त्यांना सांभाळले. माय मरो, मावशी उरो, असे आपण म्हणतो. आत्या, आजी, काकू, कोणीतरी एक कायम जवळ हवे. आज इथे, उद्या तिथे, असे लेकराला फिरवू नये.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आपल्या राज्याच्या सरकारी कागदांवर आईचे नावही लिहितात. जुन्या पोरांसाठी आपण घरीच लिहू. आता आपल्याला अक्षर येते. वहीत मायचे नाव लिहा. तिचे माहेर लिहा. ती कोणती भाजी चांगली करी, कशाला हसे, तेही लिहा. लेकरू मोठे झाले, की वही त्याच्या हाती द्या.