आधी मोजा, मग घाला

(सामुदायिक रेडिओवरील 'बचत गटाची बैठक' या कार्यक्रमात झालेलं भाषण)

दिवाळी झाली, फराळाचे डबे रिकामे झाले. आता आपल्या बैठकांमध्ये बोलायला थोडी सवड आहे, म्हणून आज मी जनावरांच्या चाऱ्याबद्दल बोलणार आहे. हा विषय पौषात काढून उपयोग नसतो, तो आत्ताच काढायला हवा. असं का म्हणते, ते आमच्याच गटाच्या चुकीवरून सांगते.

आमचं गाव बालाघाटाच्या माळावर. आपल्याकडं रब्बीची ज्वारी दसऱ्याच्या आसपास पेरतात आणि नवा कडबा माघ-फाल्गुनात हाती येतो. तोपर्यंत जुनी गंजी पुरवायची असते. २०१८ साली पावसानं लवकर पाठ फिरवली. ३१ ऑक्टोबरला राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आमचा तालुकाही त्यात होता. ज्वारी पेरलीच गेली नाही, नवा कडबा येणार कुठून? त्यात थंडीही कडाक्याची. म्हातारे बैल विकायचे तर २०१५ च्या कायद्यानं ते कापायलाही बंदी, म्हणून गिऱ्हाईक नाही. मग रात्री कुणीतरी दावं सोडायचं आणि सकाळी जनावर वेशीपाशी उभं दिसायचं.

पहिली आली ती एक भाकड गाय. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. आमच्या गटातल्या एका काकूंचा गोठा रिकामा होता, तिथं आम्ही तिला बांधलं. चारच दिवसांनी येळवस आली. तुम्हाला माहीत आहे, दुष्काळ असला तरी येळवस कुणी चुकवत नाही. संध्याकाळी बाराही घरांतून आम्ही तिच्यासाठी घेऊन आलो. उंडे, भज्जी, आंबील, कुणी घमेलंभर शिजवलेले गहू. गाय अधाशासारखी खात होती आणि आमचे डोळे भरून येत होते. दुसऱ्या दिवशी तिनं रवंथ बंद केला, पोट फुगलं, पातळ हगायला लागली. तिसऱ्या दिवशी ती बसली ती उठलीच नाही.

पशुवैद्यकीय डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता. त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं. गायीच्या पोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य जीव असतात, चारा तेच पचवतात. बरेच दिवस उपाशी असलेल्या, काडीकचऱ्यावर जगलेल्या जनावराच्या पोटात एकदम धान्य आणि पीठ गेलं की सगळं आंबतं, पोटात आम्ल वाढतं आणि जनावर दगावतं. लग्नाच्या पंगतीतलं उरलेलं अन्न घातल्यावर गायी मरतात त्या यामुळेच. बायांनो, ती गाय भुकेनं मेली नाही. आमच्या हातानं मेली. काकू आजही येळवशीला गोठ्याकडं जात नाहीत.

त्यानंतर आम्ही ठरवलं, जनावर आलं तर हाकलायचं नाही, पण मापाशिवाय एक घास घालायचा नाही.

माप काढायला वजनकाटा लागत नाही, शिलाईची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात घ्या. मग खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बुडाजवळच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. येईल ते अंदाजे वजन किलोत. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर साधारण २७२ किलो. दूध न देणाऱ्या, काम न करणाऱ्या जनावराला शंभर किलो वजनामागं दोन ते अडीच किलो कोरडा चारा लागतो. म्हणजे या जनावराला रोज सहा किलो धरा.

पौषापर्यंत आमच्याकडं सात जनावरं झाली. सात जनावरं, सहा किलो, शंभर दिवस. बेचाळीसशे किलो. आमच्याकडची पेंढी दोन किलोची भरली, म्हणजे एकवीसशे पेंढ्या हव्या होत्या. घरोघरी फिरून जमल्या तेराशे. हा आकडा वहीत लिहिला तेव्हा बैठकीत कुणी बोललं नाही. मग एक जण म्हणाली, "ताई, आपल्या लेकरांना दूध नाही आन् आपण भाकड जनावरं पोसायची?" तिचं चुकलं नव्हतं. म्हणून गटाच्या बचतीतला एक रुपयाही यात घालायचा नाही, असा ठराव केला. जे करायचं ते चारा वाचवून आणि चारा शोधून.

वाचवायचा कसा? अख्खी पेंढी गव्हाणीत टाकली की जनावर पानं खातं आणि बुडखे तुडवतं. कुट्टी केली की ही नासाडी खूप कमी होते. म्हाताऱ्या बैलांचे दात झिजलेले असतात, त्यांच्यासाठी कुट्टी तासभर भिजवून ठेवायची. शोधला तो सोयाबीनचा भुसकट, जो लोक बांधावर पेटवून देतात. त्यावर युरियाची प्रक्रिया केली. शंभर किलो भुसकटाला चार किलो युरिया, पन्नास ते पासष्ट लिटर पाण्यात पूर्ण विरघळवायचा, थरावर थर देत शिंपडायचा, दाबायचा आणि वरून प्लास्टिकनं हवाबंद झाकायचा. एकवीस दिवसांनी उघडायचा. लागेल तेवढाच काढून, पसरून, उग्र वास गेल्यावर घालायचा आणि थोड्यापासून सुरुवात करायची. हे नीट ऐका, युरियाचं पाणी जनावराच्या तोंडाला लागलं तर ते विष आहे. बादली लगेच धुवायची. आणि हा चारा सहा महिन्यांच्या आतल्या वासराला, आजारी किंवा नुकत्याच आलेल्या उपाशी जनावराला घालायचा नाही. पहिल्यांदा करताना डॉक्टरांना शेजारी उभं करा.

हिरव्यासाठी शेवरी, हादगा, सुबाभूळ. पण सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नाही. पाण्याविना खुरटलेली कोवळी ज्वारी तर अजिबात नाही, तिनं किराळ लागते आणि जनावर तासाभरात जाऊ शकतं.

नव्यानं आलेल्या जनावराला पहिले चार-पाच दिवस नुसता कोरडा चारा, तोही ठरल्याच्या निम्मा, दिवसातून चार वेळा थोडा थोडा. पाणीही एकदम पोटभर नाही, थोड्या थोड्या वेळानं. आठवड्यानंतर मूठभर पेंड किंवा चुनी, मग हळूहळू वाढवायची. रोज मीठ आणि खनिज मिश्रण. इतर जनावरांपासून तीन आठवडे लांब बांधायचं, म्हणजे रोग पसरणार नाही. ग्रामपंचायतीला आणि पोलीस पाटलांना कळवायचं. कानात बिल्ला असेल तर त्यावरचा बारा आकडी नंबर लिहून घ्यायचा.

थंडीचं म्हणाल तर, चाऱ्याचा मोठा वाटा संध्याकाळी घाला. चारा पचताना पोटात ऊब तयार होते, ती रात्रभर पुरते. रात्रीचं गार पाणी जनावर पीत नाही आणि कोरड्या चाऱ्यावर पाणी कमी पडलं की पोट गच्च होतं. बोअरचं किंवा विहिरीचं ताजं पाणी सकाळी कोमट असतं, ते पाजा. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट बांधा, खाली कोरडं पाचट टाका.

आता ज्यासाठी हे सगळं सांगितलं ते.

सातांपैकी एक पांढरा बैल होता. तो आला त्या सकाळी त्याच्या गळ्यात तुटलेलं दावं होतं, साडीच्या पट्ट्या वळून केलेलं. हिरवी साडी, पिवळा काठ. आम्ही बाराजणी नुसत्या बघत राहिलो. ती आमच्या गटाची साडी होती, संक्रांतीला सगळ्यांनी मिळून घेतलेली. म्हणजे बैल आमच्यातल्याच एकीचा. कुणी कुणाला विचारलं नाही. ते दावं मी सोडून पिशवीत ठेवलं.

पुढच्या बैठकीत ती स्वतःच बोलली. तिच्या परवानगीनं सांगते, नाव मात्र सांगत नाही. घरातले सगळे ऊसतोडीला गेलेले, ती आणि म्हातारी सासू मागं. गंजी संपलेली. ती म्हणाली, "गटाचं कर्ज फेडायचं राहिलंय, त्यात चारा कुठल्या तोंडानं मागू? रात्री सोडला. तो दोनदा माघारी आला. तिसऱ्यांदा मी दार लावून घेतलं." मला तिचा राग नाही आला. मला माझी लाज वाटली. दर महिन्याला मी तिच्या बचतीचा आकडा लिहीत होते, पण दावणीला किती जनावरं आणि गंजीत किती पेंढ्या, हे एकदाही विचारलं नव्हतं.

सातांपैकी दोन गेली, पाच पावसाळ्यापर्यंत जगली. पांढरा बैल पाडव्यानंतर तिच्या दारात परत गेला.

तेव्हापासून आमच्या गटात कार्तिकातल्या बैठकीत एक नवी वही उघडते. प्रत्येकीनं सांगायचं, जनावरं किती, पेंढ्या किती, किती दिवस पुरतील. जिला कमी पडतील तिला दुसरीनं पेंढ्या उसन्या द्यायच्या. नव्या कडब्यावर पेंढीला पेंढी परत, व्याज नाही. मागणारीला मान खाली घालावी लागत नाही, कारण सगळ्यांचीच मोजणी होते.

येत्या बैठकीत हे एवढं करा. टेप घ्या, गोठ्यात जा, मोजा आणि वहीत लिहा. जनावर आजारी वाटलं तर १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा नंबर आहे, फोन फुकट लागतो. आणि तुमच्या शेजारची एखादी बैठकीत गप्प असेल तर तिच्या गंजीकडं एकदा बघून या.