ठाण्याच्या खाडीतील शैवाल

मुलुंड, भांडुप, घाटकोपर या उपनगरांच्या पूर्वेस, कांदळवनापलीकडे जी उथळ खाडी पसरली आहे, तिच्या चिखलावर ओहोटीच्या वेळी एक हिरवट-तपकिरी साय धरलेली दिसते. ही साय सूक्ष्म शैवालांची असून, हिवाळ्यात येथे उतरणारे धाकटे रोहित पक्षी मुख्यत्वे अशाच शैवालांवर पोसले जातात. 2015 साली या खाडीत त्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि 2022 साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. परंतु ज्या अन्नासाठी हे पक्षी येतात, त्याची खबर क्वचितच कोणी घेतो.

कारखान्यांचे व वस्त्यांचे सांडपाणी, तसेच होड्यांच्या तळाला लावतात तो तांबेयुक्त रंग, यांतून तांबे, जस्त, शिसे खाडीत उतरतात. आणि खाडी ठाण्याकडे अरुंद होत गेल्याने तेथील पाणी भरती-ओहोटीत पुरते पालटत नाही व धातू गाळात मुरतात. अत्यल्प मात्रेत तांबे शैवालास आवश्यकच आहे. मात्रा वाढली, की तेच तांबे हरितद्रव्याच्या रेणूतील मॅग्नेशियमची जागा बळकावते आणि प्रकाशसंश्लेषण मंदावते.

येथेच उष्णतेचा प्रश्न उपस्थित होतो. अरबी समुद्राचे पृष्ठजल गेल्या चार दशकांत एक अंशाहून अधिक तापले आहे, आणि वैशाखातील दुपारी उघडा पडलेला चिखल तर त्याहून कितीतरी अधिक तापतो. ऊब मर्यादेत असेल तर शैवाल जोमाने वाढते. मर्यादा ओलांडली, की पेशीचे आवरण सैल होऊन धातू अधिक वेगाने आत शिरू शकतात, आणि जी शक्ती धातूंना बांधून निरुपद्रवी करण्यात खर्च व्हायची, तीच उष्णतेने बिघडलेल्या प्रथिनांच्या दुरुस्तीत गुंतते. एकेकटा सोसवला असता असा आघात, दोन्ही एकदम आल्यास, असह्य ठरतो.

धातूंच्या विषारीपणाच्या चाचण्या साधारणतः प्रयोगशाळेत, एकाच स्थिर तापमानात होतात. त्यांवरून ठरलेली मर्यादा वैशाखातील खाडीला लागू पडेलच, असे गृहीत धरणे मला घातक वाटते. म्हणून ज्यांच्याकडे या जलाच्या तपासणीची जबाबदारी आहे, त्यांना माझी विनंती आहे, की उन्हाळ्यात, ओहोटीच्या भर दुपारी, गाळाचे नमुने घ्यावेत आणि धातूंच्या आकड्याशेजारी त्या वेळचे तापमानही दफ्तरी नोंदवावे.