वजन आणि पकड

आम्हा कवी मंडळींचा वजनाशी जुना संबंध आहे. उर्दू गझलेत ओळ वृत्तात नीट बसली की ती 'वजनात आहे' असं म्हणतात. एक मात्रा जास्त झाली की ओळ लंगडते. डोंगरात पळणाऱ्याच्या बुटाचंही काहीसं तसंच आहे. फरक एवढाच, की ओळ लंगडली तर फार तर मुशायऱ्यात दाद मिळत नाही. बुटानं दगा दिला तर माणूस दरीच्या बाजूला जातो. म्हणून कवितेचा विषय आज बाजूला ठेवून मी बुटांविषयी बोलणार आहे.

आमच्या साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर पहाटे फिरायला जाणारे पूर्वीही होते. आता पळणारे दिसतात. २०१२ साली इथे घाटरस्त्यावरची अर्धमॅरेथॉन सुरू झाली आणि चढावर पळणं हे वेडेपणाचं लक्षण राहिलं नाही. त्यातले काही जण पुढे डांबर सोडून पायवाटेला लागले. पुण्याकडे तर सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन किल्ले जोडणारी शर्यत होते. या नव्या मंडळींचा पहिला प्रश्न बुटांचा असतो, आणि तो बहुधा असा असतो : "सगळ्यात हलका कुठला?"

प्रश्न चुकीचा नाही. पायावरचं वजन पाठीवरच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त दमवतं, कारण ते प्रत्येक पावलाला उचलावं लागतं. दहा किलोमीटरच्या डोंगरवाटेवर साधारण दहा हजार पावलं पडतात असं धरा. प्रत्येक बुटात शंभर ग्रॅम जास्त असले, तर तेवढ्या वाटेत तुम्ही एक टन ओझं थोडं थोडं करून उचललेलं असतं. शास्त्रज्ञांनी धावणाऱ्यांचा श्वास मोजून सांगितलं आहे, की बुटामागे शंभर ग्रॅम वाढले की शरीराला साधारण एक टक्का जास्त प्राणवायू लागतो. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. तीन तास चढणाऱ्याला विचारा.

आमचे धनगर बांधव जाड चामड्याच्या, करकर वाजणाऱ्या वहाणा घालून दिवसभर डोंगर तुडवतात. पण ते मेंढरांच्या चालीनं चालतात, पळत नाहीत. पळायचं तर हलकंच हवं. अडीचशे ते तीनशे ग्रॅमच्या आसपासचा बूट आज सहज मिळतो. त्याहून हलके आहेत, तसे जडही पुष्कळ आहेत.

पण हलकेपणाचा सगळा फायदा चढावर आहे, आणि घात होतो तो उतारावर. बूट उतारासाठी निवडावा, असं माझं मत आहे. चढावर पाय सरकला तर माणूस गुडघ्यावर येतो. उतारावर शरीराचा सगळा भार पुढे धावत असतो, पाऊल टेकतं न टेकतं तोच पुढचं टाकावं लागतं. तिथे पकड सुटली, तर बूट दोनशे ग्रॅमचा होता की तीनशेचा याला काही अर्थ उरत नाही.

पकडीची गोष्ट इटलीतल्या विताले ब्रामानी या गिर्यारोहकामुळे जगाला नव्यानं कळली. १९३५ साली आल्प्समध्ये त्याचे सहा सोबती मरण पावले. त्यांची पादत्राणं त्या हवेला आणि त्या वाटेला पुरी पडली नाहीत, असं ब्रामानीच्या मनानं घेतलं. तोवर डोंगरी बुटांच्या तळाला लोखंडी खिळे ठोकत. त्यानं खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये तो बाजारात आणला. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून आलेलं 'व्हिब्रम' हे नाव आजही अनेक बुटांच्या तळावर पिवळ्या अष्टकोनात दिसतं.

आता आपला सह्याद्री. आल्प्सचा नियम इथे जसाच्या तसा चालत नाही. आपला डोंगर काळ्या कातळाचा. हा कातळ कोरडा असताना इतकी छान पकड देतो, की साध्या रबरी तळाचा बूटही चिकटून राहतो. तोच कातळ पावसात शेवाळला की जगातलं कुठलंही रबर त्याच्यावर भरवशाचं नाही. विक्रेते काहीही सांगोत. तिथे पळायचं नाही, बसून उतरायचं. पाऊस सरला की वाळलेलं गवत मुरमावर आडवं पडतं आणि घसरगुंडी तयार होते. उन्हाळ्यात घसारा असतो, म्हणजे सुट्या खड्यांचा उतार. कासच्या अंगाला आणि खाली कोकणात जांभा लागतो. तो स्वतः खरखरीत, पण त्याचे सुटे खडे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात.

तळाच्या रबरी दात्यांचा हिशेब यावरून करायचा. चिखल, गवत आणि घसारा यांना पाच-सहा मिलिमीटर उंचीचे, एकमेकांपासून दूर असलेले दाते लागतात. जवळजवळ असले तर त्यांत चिखल भरतो आणि तळ सपाट होऊन बसतो. कातळावर मात्र हे उंच दाते वाकतात, दगडाला रबर कमी टेकतं. तिथे तीन-चार मिलिमीटरचे, रुंद माथ्याचे दाते बरे. आपल्याकडे एकाच वाटेवर कातळही येतो आणि घसाराही, म्हणून चार-साडेचार मिलिमीटरचा मधला मार्ग बहुतेकांना सोयीचा पडतो. रबर नखानं दाबून पाहावं. मऊ रबर ओल्या दगडाला जास्त धरतं आणि लवकर झिजतं. टिकाऊ रबर कडक असतं. दोन्ही एकाच बुटात पूर्णपणे मिळत नाही.

माझी भाची शिकवण्या घेऊन पैसे साठवते. बुटासाठी एकदाच खर्च करता येणार होता. दुकानातल्या मुलानं एक जोड इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवून दाखवला. "एकशे नव्वद ग्रॅम, सर!" तिनं पायात घालून पाहिला आणि म्हणाली, "मामू, पाँवमें कुछ हैच नईं ऐसा लगता." खरंच देखणा बूट होता. मी तो उलटा केला. तळ जवळजवळ गुळगुळीत, डांबरी रस्त्यासाठी केलेला. टाचेखाली चार बोटं जाडीचा मऊ फेस. एवढ्या उंचीवरून ओबडधोबड दगडावर घोटा मुरगळायला वेळ लागत नाही. "हे डोंगरासाठी आहेत का?" असं भाचीनं विचारलं. मुलगा म्हणाला, "ताई, सगळीकडे चालतात." सगळीकडे चालणारी वस्तू ठेवून द्यावी आणि दुसरी मागावी. तिनं तेच केलं. शेवटी साठ-सत्तर ग्रॅम जास्त वजनाचा, पण दात्यांचा बूट घेतला.

मापाची गोष्ट तिच्यामुळेच नीट सांगता येईल. आम्ही मुद्दाम संध्याकाळी गेलो होतो, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि पळतानाही सुजतात. पळायचे मोजे सोबत नेले होते. अंगठ्यापुढे अंगठ्याएवढी जागा हवी, बोटं पसरता यायला हवीत, टाच मात्र हलता कामा नये. मग दुकानाच्या जिन्यावरून तिला जोरात खाली उतरायला लावलं. बोटं पुढे आपटली की तो बूट परत. पळणाऱ्यांची नखं काळी पडतात ती याच आपटण्यानं. वरचं शेवटचं जादा भोक रिकामं सोडू नये. त्यातून नाडीचा फास करून बांधलं की टाच जागेवर बसते.

पाणी आत न येऊ देणाऱ्या बुटांविषयी विचारणा नेहमी होते. थंड देशात ते ठीक असतील. आपल्या आषाढात पाणी वरून, घोट्यापाशी आत शिरतं, आणि असा बूट ते बाहेर जाऊ देत नाही. जाळीदार कापडाचा बूट भिजतो आणि निथळतो. तोच घ्यावा.

कुणी म्हणेल, डोंगरातली माणसं प्लॅस्टिकच्या बुटात दुधाची किटली घेऊन पळत उतरतात, मग हा थाट कशाला? १९९३ साली अमेरिकेतल्या लेडव्हिलची शंभर मैलांची शर्यत मेक्सिकोच्या ताराहुमारा जमातीतल्या व्हिक्तोरियानो चुरो यांनी जिंकली. वय पंचावन्न, पायात टायरच्या तळाच्या चपला. टायरच्या चपला आपल्याकडच्या बाजारातही मिळत. पण त्या माणसांचे पाय लहानपणापासून त्याच दगडांवर घडलेले असतात. बोटं पसरलेली, घोटे चिवट, प्रत्येक वळण पाठ. आपला पाय ऑफिसच्या बुटात वाढला. त्याला मदत लागते, यात कमीपणा नाही. जुने ट्रेकर स्वस्तातले कॅनव्हासचे हंटर शूज घालून अर्धा सह्याद्री फिरले, हेही लक्षात असू द्या. डोंगरी धावण्याचे बूट चार-पाच हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत आणि त्याहून वर जातात. वरच्या रकमेत रंग आणि नाव यांचाही भाव असतो.

नवा बूट थेट शर्यतीला नेऊ नये. दोन-तीन आठवडे छोट्या वाटांवर वापरावा. भिजला तर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवावा. चुलीपाशी किंवा उन्हात ठेवला की चिकटवलेला तळ सुटायला लागतो. पाचशे ते आठशे किलोमीटरमध्ये दाते झिजतात, आतला फेस दबतो. पुढच्या बोटांखालचे दाते सपाट दिसले की डोंगराच्या वाटेवरून त्याला रजा द्यावी. भाचीचा पहिला जोड आता तिचे अब्बा शेतावर जाताना घालतात.