ओळखीच्या नावाने आलेली पाळत
(उमापूर येथील बैठकीतील भाषण)

पाळत म्हटली की दाराशी उभा पोलीस आठवतो. आता ती ओळखीच्या नावाने येते. 13 जून 2016 रोजी कैद्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या रोना विल्सन यांना वरवरा राव यांच्या खात्यावरून ई-मेल आला. सोबतची फाईल उघडताच 'नेटवायर' संगणकात शिरले. अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगच्या 2021 मधील अहवालानुसार घुसखोर 22 महिने आत होता. भीमा कोरेगाव खटल्यातली पत्रे त्यानेच पेरली. एनआयएने हे नाकारले. 2022 मध्ये सेंटिनलवनच्या संशोधकांनी मात्र घुसखोरीचा धागा पुणे पोलिसांशी जोडला. त्याच खटल्यात नागपूरच्या शोमा सेन जवळजवळ सहा वर्षे तुरुंगात होत्या.

म्हणून फाईल उघडण्याआधी फोन करून विचारा, "ताई, हे तुम्हीच पाठवलंत ना?" हा अविश्वास नव्हे, एकमेकींची राखण आहे.