स्पर्शज्ञान आणि रबराची त्वचा

पंचज्ञानेंद्रियांची गणना करतांना डोळ्याला पहिला मान मिळतो, कानाला दुसरा, आणि त्वचेची आठवण बहुधा शेवटीं होते. न पाहणाऱ्यासाठीं शब्द आहे, न ऐकणाऱ्यासाठीं आहे. परंतु ज्याचा स्पर्श गेला त्याच्यासाठीं भाषेंत स्वतंत्र शब्द नाहीं. त्याच्या हाताला 'बधिर' म्हणावें लागतें, म्हणजे कानाचा शब्द हातासाठीं उसना घ्यावा लागतो. अलीकडे शास्त्रज्ञ रबराची अशी त्वचा बनवूं लागले आहेत कीं, तिला दाब कळतो आणि वस्तु निसटूं लागली तर तेंहि कळतें. या शोधाचें मोल जाणण्यासाठीं प्रयोगशाळेपेक्षां चिमूरकडील एखाद्या चुलीपासून आरंभ करणें बरें.

चिमूर हें चंद्रपूर जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. पावसाळ्यांत धानाची रोवणी, उन्हाळ्यांत जंगलांत तेंदूपत्त्याची तोडणी आणि बाराही महिने सरपणाची चूल, अशीं त्या मुलखांतील कामें हातांचीं आहेत. रोवणी करणारी बाई रोप चिखलांत खोंचते तेव्हां तिला मुळें दिसत नाहींत. रोप नीट बसलें कीं नाहीं, हें बोटेंच सांगतात. तव्यावरची भाकरी उलटतांना बोट किती वेळ टेकवावें, हेंहि तिला कोणीं शिकविलेलें नसतें. आतां त्याच बाईच्या बोटांतील जाणीव गेली आहे, अशी कल्पना करावी. तव्याचा चटका तिला बसतो, पण कळत नाहीं. कातडी करपल्याचा वास आला म्हणजे ती हाताकडे पाहते.

ही कल्पना केवळ विवेचनासाठीं केलेली नाहीं. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कुष्ठरोगाचे नवे रोगी आजहि आढळतात. देशांतील या रोगाचें प्रमाण २००५ च्या अखेरीस दहा हजारांस एकाहून कमी झालें, तरी रोग संपला असें नाहीं. त्याचा जंतु नॉर्वेचे डॉक्टर हॅन्सेन यांनीं १८७३ सालीं शोधून काढला. त्याला शरीराचे थंड भाग मानवतात. म्हणून तो हातापायांच्या कातडींत आणि तेथील मज्जातंतूंत ठाण मांडतो. मज्जातंतु निकामी झाले म्हणजे स्पर्श, उष्णता आणि वेदना या तिन्हींची वार्ता मेंदूकडे जाईनाशी होते. बोटें रोगानेंच सडून झडतात, हा लोकांचा समज चुकीचा आहे. चटका, कांटा, फोड, त्यांत झालेला पू, आणि कांहींच न कळल्यामुळें त्याच हातानें पुढें चाललेलें काम, यांनीं बोटांचा नाश होतो.

चिमूरच्या नैर्ऋत्येस वरोरा आहे. तेथें बाबा आमटे यांनीं १९४९ सालीं महारोगी सेवा समिति स्थापन केली आणि पुढें आनंदवन उभें केलें. समाजानें टाकलेल्या माणसांनीं तेथें विहिरी खणल्या, शेतें पिकविलीं. कित्येकांना हातांतील कुदळीचा दांडा नीट जाणवतहि नसेल. अशा हातांना प्रत्येक दिवसाचें काम हाच एक धोका असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या श्रमांची खरी किंमत कळते.

निरोगी हात हें किती सूक्ष्म यंत्र आहे पाहा. एका तळहातांत व बोटांत मिळून सुमारें सतरा हजार स्पर्शग्राहक असतात. कांहीं स्थिर दाब सांगतात, कांहीं कंप ओळखतात, कांहीं वस्तु निसटूं लागल्याची वर्दी देतात. ओला पेला हातांतून घसरूं लागला तर मनांत विचार येण्यापूर्वींच पकड घट्ट होते. दाब पडतांच पेशीच्या आवरणांतील सूक्ष्म द्वारें उघडतात आणि विद्युद्भारित कण आंत शिरतात. हीं द्वारें कोणत्या प्रथिनांचीं बनलेलीं आहेत, हें आर्डेम पटापुटियन आणि त्यांचे सहकारी यांनीं २०१० सालीं दाखविलें. २०२१ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासह मिळालें.

रबराची त्वचा हेंच काम निराळ्या रीतीनें करते. एका प्रकारांत रबरांत कोळशाची अतिसूक्ष्म पूड मिसळतात. रबर दाबलें कीं पुडीचे कण जवळ येतात आणि वीज अधिक सुलभतेनें वाहते. दुसऱ्या प्रकारांत दोन पातळ विद्युद्वाहक पापुद्र्यांमध्यें रबराचा थर असतो. दाबानें पापुद्रे जवळ आले कीं त्यांची वीज सांठविण्याची शक्ति वाढते, आणि त्या वाढीवरून दाब मोजतां येतो. अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत झेनान बाओ यांच्या मंडळीनें २०१० सालीं या थरावर सूक्ष्म मनोरे उठविले. त्या रबराला बसलेल्या माशीचा भारहि कळला. २०१३ सालीं युरोपांतील संशोधकांनीं हात गमावलेल्या एका डॅनिश गृहस्थाच्या दंडांतील मज्जातंतूंशीं कृत्रिम हातावरील संवेदक जोडले. डोळे बांधलेले असतांहि हातांतील वस्तु मऊ कीं कठीण, हें त्याला सांगतां आलें.

मग हाच उपाय बधिर हातांना कां चालूं नये? हा प्रश्न डॉक्टर पॉल ब्रँड यांनीं फार पूर्वींच केला होता. तमिळ मुलखांत जन्मलेल्या या इंग्रज शल्यवैद्यानें वेल्लोर येथें कुष्ठरोग्यांचीं वांकडीं झालेलीं बोटें शस्त्रक्रियेनें सरळ केलीं. पुढें अमेरिकेंतील कारव्हिल येथें त्यांनीं दाब मोजणारे संवेदक बसविलेला हातमोजा तयार करविला. दाब धोक्याचा झाला कीं कानांत आवाज होई. रोगी तो ऐकत आणि काम तसेंच चालूं ठेवीत. मग आवाजाऐवजीं कांखेंत विजेचा झटका देण्याची योजना झाली. तेव्हां अवघड काम आलें कीं रोगी यंत्र बंद करीत, काम उरकीत आणि यंत्र पुन्हां सुरू करीत. संवेदक आपलें काम करीत होते. परंतु बंद करतां येणारी वेदना माणसाचें रक्षण करूं शकत नाहीं, हें त्या प्रयोगानें दाखवून दिलें. निसर्गानें वेदनेची कळ माणसाच्या हातीं दिली नाहीं, यांतच तिचा उपयोग आहे.

आजचीं रबरें ब्रँड यांच्या वेळेपेक्षां फार नाजूक व कुशल आहेत, आणि हात तुटलेल्यांना त्यांचा लाभ होईलच. परंतु चिमूरकडील त्या बाईला आज उपयोगी पडेल असा पहारा अगदीं साध्या वस्तूंचा आहे. नायलॉनचा ठराविक जाडीचा तंतु त्वचेवर टेकवून जाणीव कोठें कमी झाली तें तपासतां येतें. औषधें सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात, आणि सहा किंवा बारा महिन्यांत जंतूंचा नाश होतो. मात्र गेलेली जाणीव पुष्कळदां परत येत नाहीं. म्हणून फिकट अथवा लालसर, बधिर चट्टा दिसतांच दवाखाना गांठणें हेंच खरें शहाणपण. ज्यांची जाणीव आधींच गेली आहे त्यांनीं भांडें फडक्यानें धरावें, हत्याराच्या मुठीला कापड गुंडाळावें, आणि रोज संध्याकाळीं हातपाय उजेडांत न्याहाळावे. गेलेल्या स्पर्शाचें काम डोळ्यांनीं करावयाचें, असा हा नेम आहे.

शहरांतील सुशिक्षित घरांचाहि यांत वांटा आहे. घरीं काम करणाऱ्या बाईच्या बोटावर तिला न कळलेला भाजल्याचा डाग दिसला, तर पुष्कळ ठिकाणीं दुसऱ्या दिवसापासून तिला दार बंद होतें. या भीतीनें रोग लपविला जातो, आणि लपविलेल्या रोगांतच बोटें जातात. औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्गाची भीति उरत नाहीं. म्हणून त्या दिवशीं तिला कामावरून काढण्याऐवजीं कोणीं तरी तिच्याबरोबर दवाखान्यापर्यंत जावें. कदाचित् तिचीं बोटें तेवढ्यानेंच वांचतील.