रानरेडा, दुनळी आणि बुळकांडी

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वनखात्यातल्या नोकरीबद्दल बोलायला सांगितलंय. पण सकाळपासून जो भेटतोय तो एकच म्हणतोय, "ते राहू दे, शिकारीचं सांग." मी आयुष्यात शिकार केलेली नाही, शिकार होऊ नये यासाठीच पगार घेतला. तरी काही वर्षं सिरोंचाच्या बाजूला काढल्यामुळे रानरेड्याच्या शिकारीबद्दल पुष्कळ ऐकलं, वाचलं आणि ज्या हत्याराने ती व्हायची तेही हातात घेऊन पाहिलं. तेच सांगतो.

आधी नावाचा घोळ मिटवू. आपल्याकडे गव्यालाच सर्रास रानरेडा म्हणतात. गवा वेगळा. त्याच्या पाठीवर खांद्यापासून उंच कणा असतो, शिंगं वर वळलेली. तो सह्याद्रीत आहे. कोल्हापूरच्या छत्रपतींच्या शिकारीच्या रानात, दाजीपूरला, १९५८ साली अभयारण्य झालं ते त्याच्यासाठी. रानरेडा म्हणजे आपल्या गोठ्यातल्या म्हशीचा मूळपुरुष. तेच काळं अंग, तीच मागे गेलेली शिंगं, फक्त सगळं दुपटीने मोठं. आपल्या मढची म्हैस चार-साडेचारशे किलोची धरा, रानातला मोठा नर हजार-बाराशे किलोपर्यंत जातो. महाराष्ट्रात तो आता फक्त गडचिरोलीत, इंद्रावतीच्या अलीकडे-पलीकडे आहे. इंग्रजी अमलात तो भाग मध्य प्रांताच्या चांदा जिल्ह्यात होता.

एवढ्या जनावरावर आपली गावातली दुनळी चालत नाही. ती बारा बोअरची, छर्ऱ्यांची. फॉरेस्टरांच्या, कलेक्टरांच्या आणि संस्थानिकांच्या हातात असायची ती दुनळी रायफल. विदर्भातल्या एका जुन्या मालगुजारी घरात मला ती पाहायला मिळाली. घोडे निकामी करून भिंतीवर टांगलेली. उचलली तर पाच किलोच्या आसपास. दोन नळ्या शेजारी शेजारी, दोन चाप आणि आत दोन वेगळी यंत्रं. हे दुसरं यंत्रच महत्त्वाचं. एकाची स्प्रिंग तुटली तरी दुसरं चालायचं. मॅगझिनच्या रायफलीत दुसरी गोळी मारायची तर बोल्ट मागे-पुढे करावा लागतो, त्याचा खडखडाट होतो आणि क्षणभर वेळ जातो. तीस पावलांवरून रेडा चालून आला तर तो क्षण नसतो. इथे फक्त बोट पुढच्या चापावरून मागच्यावर न्यायचं.

या दोन्ही नळ्या एकाच ठिकाणी मारतील अशा जुळवणं हे फार किचकट काम. कारागीर गोळ्या झाडून बघायचा, नळ्यांमधली पाचर किंचित सरकवायचा, पुन्हा झाडायचा, आणि साठ-सत्तर यार्डांवर दोन्ही गोळ्या शेजारी बसेपर्यंत हे चालायचं. ते जुळायचं एकाच वजनाच्या गोळीला आणि एकाच दारूला. काडतूस बदललं की नेम गेला. उन्हाचाही विचार करावा लागे. जुन्या कॉर्डाइट दारूचा दाब गरम हवेत वाढतो, काडतूस नळीत अडकून बसतं. म्हणून या काडतुसांची टोपणं मुद्दाम लांबलचक आणि आतला दाब कमी ठेवायचे.

आणखी एक गंमत. १९०७ साली सरकारने हिंदुस्थानात '.४५०' मापाच्या रायफली आणायला बंदी घातली. शिकाऱ्यांची काळजी म्हणून नव्हे! त्या मापाच्या जुन्या लष्करी बंदुका बंडखोरांच्या हाती होत्या आणि त्यांना गोळ्या मिळू नयेत हा हेतू. मग विलायतेतल्या कारखानदारांनी घाईने '.४६५', '.४७०' अशी नवी मापं काढली. '.४७०' ची गोळी सुमारे ३२ ग्रॅमची, पोलिसांच्या थ्री-नॉट-थ्रीच्या जवळजवळ तिप्पट.

शिकार मात्र बहुतेक चालण्याचीच. पहाटे गोंड किंवा माडिया वाटाड्या पुढे, साहेब मागे. शेण ताजं आहे का, खुराच्या ठशात पाणी अजून झिरपतंय का, हे बघत वाऱ्याच्या उलट दिशेने तास-दोन तास जायचं. कळप सापडायचा दलदलीतल्या उंच गवतात. गोळी खांद्यामागे, फुप्फुसात मारायची, समोरून कपाळावर मारण्यात अर्थ नसे. खरी कसोटी नंतर. जखमी रेडा गवतात शिरला की त्याच्या मागे जाणं भागच असे. पुढे रक्ताचा माग काढणारा वाटाड्या असायचा आणि त्याच्या हातात बहुधा कुऱ्हाड. पुस्तकात फोटो साहेबाचा छापला जायचा, वाटाड्याचं नावसुद्धा नसायचं. मला त्या पुस्तकांतली ही गोष्ट कायम खटकत आली.

कॅप्टन फॉरसाइथचं १८७१ चं पुस्तक घ्या किंवा मध्य प्रांताचे कॉन्झर्व्हेटर डनबार ब्रँडर यांचं १९२३ चं. रानरेडे दोघांच्याही लेखनात आहेत. मग ते गेले कुठे? मंडळी म्हणतात, साहेबांनी मारून संपवले. साहेबांनी मारले हे खरंच, आणि मोठ्या शिंगांचे नर वेचून मारले. पण माझं मत असं की एकट्या बंदुकीने हा प्राणी इतका संपला नसता. नदीकाठची गवताळ सपाटी भाताखाली गेली. त्याहून मोठा घाव पडला बुळकांडीचा.

बुळकांडी हा शब्द आपल्या आई-वडिलांच्या तोंडी होता. गाव सुनं करून टाकणारा रोग. गावची गुरं चरायला रानात जायची, त्याच ओढ्यावर पाणी प्यायची, आणि रोग गव्यांत, रानरेड्यांत शिरायचा. तिथे ना लस, ना वैदू. कळपच्या कळप जायचे. पुढे सरकारी लसीकरणाने बुळकांडी हटली. भारतातलं शेवटचं जनावर १९९५ साली सापडलं आणि २०११ मध्ये जगातून रोग गेल्याचं जाहीर झालं. तोवर रानरेडे मूठभर उरले होते.

गोळी न लागता जनावर कसं मरतं हे पुणेकरांनीही पाहिलंय. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. माणसं मोबाइल घेऊन मागे धावली, तो धावून धावून दमला, मग भूल दिली गेली आणि त्याच दिवशी तो मेला. आपल्याकडे उसात बिबट्या दिसला की जमणारी गर्दी तुम्ही सगळ्यांनी पाहिली आहे, तेव्हा जास्त बोलत नाही.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानरेड्याला सगळ्यात वरच्या यादीत घातलं आणि दुनळी रायफली भिंतीवर गेल्या. २०१३ साली कमलापूरजवळ कोलामार्का इथे त्याच्यासाठी राखीव क्षेत्र झालं. तिथे आज बंदुकीइतकीच दुसरी एक भीती आहे. रानातला नर गावच्या म्हशींच्या कळपात येतो, संकर होतो आणि अस्सल रक्त पातळ होत जातं. शिवाय गुरांमागून लाळ्या-खुरकूत आणि घटसर्प येतात. घटसर्प म्हशीला किती लवकर नेतो हे इथे गोठा असलेल्यांना सांगायला नको.

त्यामुळे तिकडे रानरेड्याची राखण बरीचशी जनावरांच्या डॉक्टरांकडे असते. आपल्या गोठ्यातल्या म्हशीच्या कानात जो पिवळा बिल्ला असतो, तोच तिथल्या गुरांच्या कानात मारून, जंगलाभोवतीच्या पाड्यांवर लस टोचत फिरायचं. घटसर्पाची लस पावसाआधीच द्यावी लागते, कारण जूनमध्ये नाले भरले की काही पाड्यांची वाट बंद होते. मे महिन्याच्या त्या उन्हात, बर्फाच्या डब्यात लस घेऊन, जीप अडेल तिथून पुढे पायी जायचं. माझ्या वेळी आमच्या पुढे चालणारा वाटाड्या माडियाच होता.