‘हे’ आणि ‘धिस’

दुर्ग आणि रायपूर यांच्या दरम्यान भिलाई पावर हाउस नावाचे रेल्वे स्थानक आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या राज्यात होता. १९५५ साली सोव्हिएत संघाशी झालेल्या करारातून येथे पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे आली. अशा गावी एका भाषेतले वाक्य दुसरीत उतरविण्याचा प्रसंग नित्याचाच. त्यात सर्वांत फसवे शब्द म्हणजे बोट दाखविणारे, अर्थात दर्शक सर्वनामे.

इंग्रजी दर्शक सर्वनाम दोनच गोष्टी पाहते: वस्तू जवळ की दूर, आणि एक की अनेक. जवळ असेल तर धिस आणि धीज, दूर असेल तर दॅट आणि दोज. मराठी याखेरीज लिंगही पाहते: हा पंखा, ही खुर्ची, हे टेबल. रशियन भाषाही एकवचनात तीन लिंगे मानते. तेव्हा इंग्रजी बोलू लागताना मराठी कामगाराला आणि रशियन अभियंत्याला एकच गोष्ट विसरावी लागे.

परंतु मराठी सर्वनामात आणखी एक गोष्ट दडलेली असते. ती म्हणजे आदर. पावर हाउसच्या एखाद्या मराठी घरी परका पाहुणा येतो आणि गृहिणी सांगते, ‘हे कामावर गेले आहेत.’ या ‘हे’मध्ये ना जवळपणा, ना अनेकत्व, आहे तो मान. येथे ‘धीज’ चालत नाही, ‘माय हजबंड’ असेच म्हणावे लागते. मुलगा वडिलांची ओळख करून देताना ‘धिस इज माय फादर’ म्हणण्यास कचरतो, कारण त्याच्या कानाला ते ‘हा माझा बाप’ असे वाटते. वास्तविक तोच तेथला रीतीचा शब्द आहे. मात्र पुढे त्यांच्याविषयी बोलताना ‘दॅट’ म्हणणे गैर. तेथे ‘ही’ हवे, आणि गंमत अशी, की मराठी कानाला तेच स्त्रीलिंगी वाटते!

अशा चुकांना लोक हसतात, आणि एकदा हसे झालेला माणूस पुन्हा तोंड उघडण्यास धजत नाही. ती चूक अज्ञानाची नव्हे, आदराची असते, हे शिकविणाऱ्याने आधी ओळखावे. इंग्रजी शिकणाऱ्याने आदर सोडायचा नाही; तो सर्वनामातून काढून स्वरात आणि संबोधनात ठेवायचा, एवढेच.